हाडांची देवघेव

मटणाच्या दुकानात ‘दोन नळ्या टाका, सीन्याकडचं द्या, गर्दन नको’ असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगाड्याचा नकाशा तोंडपाठ असतो. आपण शरीरशास्त्र बोलतोय हे मात्र त्याच्या गावीही नसतं. कोवळ्या बोकडाच्या नळीतली मज्जा तांबूस निघते, जून जनावराची पिवळट. तांबड्या मज्जेत रक्तपेशी तयार होतात. वय वाढतं तशी पायांच्या हाडांतली तांबडी मज्जा हटते आणि तिथे चरबी येऊन बसते. रक्ताचं काम मग बरगड्या, मणके, छातीचं हाड आणि कंबरेचं हाड यांच्याकडे राहतं. माणसाचंही तसंच. म्हणूनच मज्जेची तपासणी करायची असली की डॉक्टर मोठ्या माणसाच्या कंबरेच्या हाडात सुई घालतात, तंगडीला हात लावत नाहीत.

*

शाळेत करून दाखवावा असा एक प्रयोग. कोंबडीच्या तंगडीचं हाड स्वच्छ करून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचं, मधूनमधून व्हिनेगर बदलायचं. काही दिवसांनी ते बोटांनी वाकवता येतं. खनिज विरघळून गेलेलं असतं, उरतं ते कोलॅजन. दुसरं हाड निखाऱ्यात चांगलं भाजलं तर उलट होतं: कोलॅजन जळून जातं, आकार तसाच राहतो, पण चिमटीत धरलं की भुगा. वजनाने पाहिलं तर हाडात साधारण दोन तृतीयांश खनिज. एकट्या खनिजावर चालू गेलं तर पहिल्याच ठेचेला पाय तुटेल, एकट्या कोलॅजनवर उभंच राहता येणार नाही.

शाळेच्या पुस्तकात हाड ‘शरीराला आधार देतं’. खरं आहे, पण एवढ्यावर थांबलं की हाड म्हणजे आत उभा केलेला खांब वाटायला लागतो. खांब स्वतःला कुरतडत नाही आणि पुन्हा बांधतही नाही. हाड दोन्ही करतं, आणि जन्मभर करतं. एका जातीच्या पेशी हाड खातात, दुसऱ्या घालतात.

*

तलंग अंड्यावर यायच्या आधी दोनेक आठवडे तिच्या मांडीच्या आणि तंगडीच्या हाडांच्या पोकळीत एक नवंच हाड भरायला लागतं. हे हाड भार पेलत नाही. ते अंड्याच्या कवचासाठी ठेवलेलं कॅल्शियम असतं. कोंबड्याच्या हाडात ते सापडत नाही.

हिशोब मांडून पाहण्यासारखा आहे. एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम. कवच घडायला वीसेक तास लागतात आणि त्यातले बरेचसे तास रात्रीचे. म्हणजे खुराड्यात बसलेल्या, काही न खाणाऱ्या कोंबडीचे. दिवसभर टिपलेलं पोटात असतं, पण ते पुरत नाही. मग ती पोकळीतल्या हाडातून काढते आणि सकाळी चरायला सुटली की पुन्हा भरते. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखा रोजचा व्यवहार. पोल्ट्रीतली कोंबडी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी घालते. म्हणजे ६०० ग्रॅम कॅल्शियम तिच्या अंगातून बाहेर जातं. तिच्या अख्ख्या सांगाड्यात एका वेळी असतं ते जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम. हाड खाणाऱ्या पेशींना राखीव हाड कुठलं आणि भार पेलणारं कुठलं हा भेद कळत नाही. त्या दोन्ही खातात. पिंजऱ्यातल्या जुन्या कोंबड्यांची हाडं हाताळताना मोडतात ती यामुळे. खाद्यात शिंपल्यांचा चुरा घालतात तोही यासाठीच.

याच राखीव हाडामुळे एका डायनोसॉरचं लिंग कळलं. अमेरिकेत मोंटाना राज्यात सापडलेल्या टायरॅनोसॉरसचं मांडीचं हाड हेलिकॉप्टरमध्ये मावेना म्हणून मोडावं लागलं. मोडलेल्या भागात जीवाश्मतज्ज्ञ मेरी श्वाइट्झर यांना पोकळीच्या कडेने तसलंच हाड दिसलं, आणि शहामृग-एमूंच्या हाडांशी त्यांनी ते ताडून पाहिलं. २००५ साली ते प्रसिद्ध झालं. ६ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीची ती मादी होती आणि अंड्यांचे दिवस होते. हाड न मोडता संग्रहालयात गेलं असतं तर आजही कुणाला पत्ता नसता.

*

बाळंतिणीचं काही वेगळं नाही. अंगावर पाजण्याच्या सहा महिन्यांत आईच्या हाडांतलं ३ ते ५ टक्के खनिज कमी होतं. पाजणं थांबलं की भरून येतं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर वगैरे करणाऱ्या आज्यांना टक्केवारी ठाऊक नव्हती, पण बाईच्या अंगातून काहीतरी जातंय आणि ते भरून द्यायला हवं हे पक्कं ठाऊक होतं.

अंतराळवीराचं मात्र महिन्याला एक ते दीड टक्का जातं, विशेषतः कंबरेच्या हाडातलं. तिथे भारच नाही, तर हाड पोसायचं कशाला, असा शरीराचा सरळ विचार. पण अमेरिकेतलं काळं अस्वल गुहेत महिनोन् महिने निजून राहतं आणि तरी त्याची हाडं झिजत नाहीत. औषध शोधणाऱ्यांचं या अस्वलावर फार लक्ष आहे.

*

चितळ आणि सांबराची शिंगं हे निखळ हाड असतं. काळविटाचं, बैलाचं, बोकडाचं शिंग वेगळं: आत हाडाचा सुळका, वर नखाच्या जातीचं आवरण, आणि ते जन्मभर टिकतं. चितळाचं शिंग साधारण वर्षाला गळतं आणि पुन्हा उगवतं. उगवताना त्यावर मखमली कातडं असतं, त्यातून रक्त खेळत असतं. काही महिन्यांत एवढं हाड उभं करायचं तर गवतातलं कॅल्शियम पुरत नाही. नर तेव्हा स्वतःच्या बरगड्यांतून काढून शिंगात घालतो. बरगड्या तेवढे दिवस ठिसूळ असतात. शिंगं पक्की होऊन झुंजीचे दिवस येईपर्यंत त्या भरून निघतात.

गळलेलं शिंग जंगलात फार दिवस राहत नाही. साळिंदर ते कुरतडून नेतं. त्याच्या बिळाशी हाडं आणि शिंगांचे तुकडे पडलेले असतात, प्रत्येकावर रुंद दातांचे चरे.

जुन्या घरांतून सहाणेवर सांबरशिंग उगाळून छातीवर लेप द्यायची पद्धत होती. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सांबरशिंग विकणं गुन्हा आहे. ‘आपोआप गळलेलं आहे’ ही सबब चालत नाही, आणि चालू नये. गळलेलं शिंग कुठलं आणि मारून काढलेलं कुठलं, हे गिऱ्हाईक विचारणार थोडंच?

*

घुबडाला डोळे फिरवता येत नाहीत. डोळा गोल नसून नळकांड्याच्या आकाराचा, आणि त्याच्याभोवती छोट्या हाडांच्या चकत्यांचं कडं. इतका घट्ट बसवल्यावर इकडेतिकडे बघायचं तर मानच वळवायला हवी. मानेत १४ मणके. एका बाजूला २७० अंशांपर्यंत मान जाते.

आणि आपल्या मानेत सात. जिराफाच्याही सात. उंदराच्या, वटवाघळाच्या, देवमाशाच्याही सातच. जिराफाने मणका लांबवला, वाढवला नाही. पक्ष्यांना या बाबतीत मोकळीक: रोहिताच्या (फ्लेमिंगोच्या) मानेत १९, हंसांच्या तर २५ पर्यंत. सस्तन प्राण्यांत नियम मोडणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, सागरी गाय मॅनेटी आणि स्लॉथ. मॅनेटीला सहा, तीन बोटांच्या स्लॉथला आठ किंवा नऊ. दोघेही कमालीचे मंद. हा योगायोग नसावा असं मानणारे शास्त्रज्ञ आहेत: गर्भात मानेचे मणके ठरवणारी जनुकं इतरही पुष्कळ कामांत गुंतलेली असतात, त्यामुळे संख्या बदलली की बाकीचंही बिघडतं. मंद जगणाऱ्याला ते बिघडलेलं परवडत असावं.

*

रोहिताचा गुडघा उलटा वाकतो असं भिगवणला दुर्बीण लावलेला प्रत्येक माणूस एकदा तरी म्हणतो. तो घोटा आहे. गुडघा वर, पिसांत झाकलेला. घोडाही असाच फसवतो: पुढच्या पायात आपण ज्याला गुडघा समजतो ते मनगट, आणि त्याखालचा सगळा पाय म्हणजे एकच बोट. घोडा चार नखांवर पळतो.

*

बेडकाला बरगड्या नाहीत. म्हणून छाती फुगवून श्वास घेणं नाही. तोंडात हवा घ्यायची, घशाने आत ढकलायची. त्याचा गळा सतत लपलपत असतो तो त्यासाठी. आमच्या पिढीने कॉलेजात बेडूक फाडले. पुढे विद्यापीठांतली ही विच्छेदनं बंद होत गेली, ते बरं झालं. सांगाडा बघायला एक बेडूक पुरतो. वर्गातल्या प्रत्येकाला एक कशाला लागत होता ते तेव्हाही कळलं नव्हतं.

*

कासव कवचात ‘राहतं’, ही चित्रपुस्तकांनी करून दिलेली समजूत. कार्टूनमधलं कासव तर कवच काढून अंघोळीला जातं. कासवाची पाठ म्हणजे त्याच्याच बरगड्या आणि मणके, रुंद होऊन एकमेकांत सांधलेले. वर नखाच्या जातीचे पापुद्रे. पाठीला हात लावला तर त्याला कळतं.

खरी गंमत आतली आहे. आपलं खांद्याचं हाड बरगड्यांच्या बाहेर, पाठीवर. कुत्रा, कबुतर, पाल, सगळ्यांचं तसंच. कासवाचा खांदा बरगड्यांच्या आत. ही उलथापालथ कशी झाली यावर शंभर वर्षं वाद चालला. २००८ साली चीनच्या ग्वेइचौ प्रांतातून सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीचं एक कासव प्रसिद्ध झालं. त्याला पोटाची ढाल पूर्ण होती, पाठीची नव्हती. म्हणजे आधी पोट झाकलं, पाठ नंतर. पाण्यात राहणाऱ्याला धोका खालून येत असेल, असा एक तर्क. मला तो पटतो, पण एकाच जागच्या जीवाश्मांवर फार विसंबू नये.

*

इनामगाव. पुणे जिल्हा, शिरूर तालुका, घोड नदीचा काठ. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन केलं. इ. स. पूर्व १६०० ते ७०० च्या दरम्यानचं शेतकऱ्यांचं गाव. लहान मुलं दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरलेली. मोठी माणसं खड्ड्यात, आणि पुष्कळांचे पाय घोट्याच्या वरून तोडलेले. का, याची उत्तरं बरीच दिली गेली: मेलेल्याने परत येऊ नये म्हणून, दूर जाऊ नये म्हणून. हाडावर फक्त तोडल्याची खूण आहे. तोडणाऱ्याच्या मनातलं हाड सांगत नाही, आणि तिथे थांबणारा संशोधक मला जास्त भरवशाचा वाटतो.

या गावाने जनावरांची हाडंही ढिगाने दिली. अशी हाडं ओळखायला आधी आजच्या जनावरांचे सांगाडे शेजारी लागतात. पुरातत्त्वाच्या प्रयोगशाळेत गाय, म्हैस, हरीण, कुत्रा, कोंबडी अशी हाडांची पेटीवार मांडणी असते. तरीही अडतं ते शेळी आणि मेंढीपाशी. धनगराचं पोर अर्ध्या मैलावरून शेळी कुठली, मेंढी कुठली ते सांगेल. कातडं, लोकर, शेपूट आणि आवाज काढून घेतला की भलेभले चाचपडतात. उत्खननाच्या अहवालांत ‘शेळी/मेंढी’ असा एकच रकाना असतो तो आळसापोटी नव्हे. १९६० च्या दशकात योआखिम बोएसनेक या जर्मन संशोधकाने दोघींच्या सांगाड्यातले फरक चिकाटीने नोंदवले: शिंगाच्या आतल्या हाडाचा छेद, पायाच्या नळीच्या खालच्या टोकाची ठेवण, असले. पण हाड फुटलेलं असेल, भाजलेलं असेल, कुत्र्याने चघळलेलं असेल तर तेही कामाला येत नाहीत. हल्ली कोलॅजनच्या तपासणीने निवाडा होतो. पैसे असतील तर.

*

गॅलिलिओने १६३८ च्या पुस्तकात हाडाची एक जोडी काढली आहे. एक साधं, दुसरं तिप्पट लांब पण तेच काम करायला जेवढं जाड हवं तेवढं जाड. दुसरं बेढब दिसतं. मुद्दा तोच होता. उंची दहापट केली तर वजन हजारपट होतं, पण हाडाचा छेद शंभरपटच वाढतो. पुराणातला ताडमाड राक्षस पहिल्या पावलालाच मांडी मोडून बसला असता. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२६ च्या एका निबंधात हेच साठ फुटी राक्षसांबद्दल सांगितलं.

हॉल्डेन पुढे १९५७ साली कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. त्याच सुमारास संस्थेचे संस्थापक महालनोबीस यांनी पामेला रॉबिन्सन या इंग्लिश जीवाश्मतज्ज्ञ बाईंना बोलावून संस्थेत भूशास्त्राचं काम सुरू करून दिलं होतं. आकडेवारीच्या संस्थेत डायनोसॉर आले ते असे. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, आपल्या सिरोंच्यापासून फार दूर नाही अशा भागात, त्यांच्या माणसांना सुमारे ३०० हाडं मिळाली, किमान सहा जनावरांची. त्यांतून उभा केलेला बारापासॉरस आज त्या संस्थेत आहे. १९७५ साली नाव ठेवलं, टागोरांवरून ‘टागोराय’. मांडीचं हाड पावणेदोन मीटरच्या आसपास. कवटी मिळालीच नाही.

त्याच संस्थेच्या लोकांनी १९८० च्या दशकात चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला आणखी एक लांब मानेचा डायनोसॉर खोदून काढला. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचं वर्णन छापलं. २००३ पासून तो संस्थेच्याच आद्याक्षरांवरून आयसिसॉरस म्हणून ओळखला जातो. जवळच पिसदुरा. तिथे डायनोसॉरची दगड झालेली विष्ठा मिळते आणि २००५ साली तिच्यात गवताचे सूक्ष्म कण सापडले. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं असं तोवर पुस्तकांत छापत असत. मी चंद्रपूरकर असतो तर ताडोब्याच्या पाटीशेजारी याची एक पाटी लावली असती.

*

देवमाशाच्या प्राचीन नातलगाचा पुरावाही एका मोडलेल्या हाडातून आला. भूशास्त्रज्ञ रंगाराव यांनी जम्मूतल्या कालाकोटहून आणलेले खडक त्यांच्या पश्चात बरीच वर्षं पडून होते. पत्नीने ते अमेरिकेतल्या जीवाश्मतज्ज्ञ हान्स थेविसन यांच्या हवाली केले. कवटी साफ करताना सहायकाच्या हातून कानाचं हाड मोडलं आणि आतली भिंत दिसली: एका बाजूला जाड, देवमाशांच्या कानात असते तशी. प्राणी मात्र मांजराएवढा, बारीक पायांचा, खुरांचा. इंडोहायस. ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा, २००७ मध्ये प्रसिद्ध. त्याच्या पायांची हाडं अंगाच्या मानाने जड भरतात, पाण्याच्या तळाशी चालणाऱ्यांची भरतात तशी. पुढे त्याचे नातलग कायमचे पाण्यात गेले, वजन पेलायची गरज संपली, आणि आजच्या देवमाशांची हाडं सच्छिद्र आणि तेलाने भरलेली असतात.

देवमाशाच्या कंबरेची दोन छोटी हाडं मांसात नुसती तरंगत असतात. पुस्तकं त्यांना निरुपयोगी अवशेष म्हणत आली. नरांच्या जननेंद्रियाचे स्नायू त्याच हाडांना बांधलेले असतात, आणि ज्या जातींत माद्या अनेक नरांशी जुगतात तिथे ही हाडं मोठी असतात, असं २०१४ मध्ये दाखवलं गेलं. कुठल्याही हाडाला निरुपयोगी म्हणण्याआधी थोडं थांबावं.

*

मासळी बाजारात पाहण्यासारखं:

मोरी. हाड नावाला नाही, सगळी कूर्चा. म्हणून लहान मुलांना आणि दात गेलेल्यांना द्यायला बरी. शार्क, पाकट सगळे याच घरातले. शार्कचे जीवाश्म म्हणजे बहुतेक नुसते दात, कारण कूर्चा क्वचितच टिकते. मात्र शार्क म्हणजे हाड तयार व्हायच्या आधीचा मासा, हे आता खात्रीने म्हणता येत नाही: मंगोलियातल्या ४१ कोटी वर्षांपूर्वीच्या, शार्कच्याही आधीच्या एका माशाच्या कवटीत हाड निघालं, २०२० मध्ये. म्हणजे शार्कच्या पूर्वजांना हाड असावं आणि त्यांनी ते सोडलं असावं.

पाला, भिंग. चवीला फार चांगले, पण खाणाऱ्याचा जीव काट्यांत. ते बारीक, फाटे फुटलेले काटे मणक्यांना जोडलेलेच नसतात. स्नायूंमधल्या पडद्यांत जागच्या जागी तयार झालेलं ते हाड. म्हणून मधला काटा अलगद उचलला तरी ते मागे राहतात. पापलेटाला त्यांचा त्रास नाही, आणि भाव बघा.

घोळ आणि ढोमा. कानात पांढरे खडे, चांगले मोठे. चुन्याचे, हाड नव्हे. कापून पाहिले तर वर्षांची वलयं मोजता येतात. घोळीचं बोत, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, सोन्याच्या भावाने जातं, खडे डोक्याबरोबर कचऱ्यात.

माकूल. पाठीत समुद्रफेस. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, पोपटाच्या पिंजऱ्यात टांगतात, पूर्वी सोनार त्यात साचे कोरून ओतकाम करत. असंख्य बारीक कप्पे. त्यांत पाणी कमीजास्त करून माकूल समुद्रात वरखाली होते.

चिंबोऱ्या. अमावास्येला भरलेल्या, पौर्णिमेला पोकळ, असं कोकणात म्हणतात. नुकती कात टाकलेली चिंबोरी पाणी पिऊन फुगते आणि नवं कवच मोठं करून घेते. मांस नंतर भरतं. कोळीण पोट दाबून बघते ते हेच. दबलं तर घेऊ नये.

*

तरस हाडं फोडून खातं आणि पचवतं. म्हणून त्याची विष्ठा वाळली की पांढरी पडते. सासवडकडच्या माळावर अशी दिसली तर लगेच तरस म्हणून नोंद करू नये. हाडं खाल्लेल्या गावकुत्र्याचीही पांढरी पडते. आकार बघावा, आजूबाजूला ठसे बघावेत. तरसाच्या पुढच्या पावलाचा ठसा मागच्यापेक्षा मोठा असतो.